वळणावर बंद पडणारी स्कूटर

निवेसने सेत्तिमियोला पहिल्यांदा पाहिलं ते ऑगस्टच्या शेवटच्या रविवारी, दुपारी दोनच्या सुमाराला. तिच्या फाटकापासून वीस पावलांवर, तुतीच्या सावलीत, एक हिरवी स्कूटर उभी होती आणि तिच्याशेजारी एक उंच, वाळलेला माणूस. गाडी बंद पडलेला माणूस सहसा गाडीकडे पाहतो. वाकतो, दोन-चार ठिकाणी बोट लावतो, फारच झालं तर तिला एक लाथ घालतो. हा मात्र गाडीकडे पाहतच नव्हता. रस्ता जिथे पोज्जो गावाकडे चढत जातो तिकडे त्याची नजर लागली होती, आणि मिनिटा-मिनिटाला तो मनगटावरच्या घड्याळाकडे बघत होता. इस्त्रीचा पांढरा शर्ट, गळ्यापर्यंत लावलेली बटणं, हातात काठी.

निवेस दाराच्या पडद्याआडून थोडा वेळ बघत राहिली. तिचं घर खालच्या शहरापासून चार किलोमीटरवर, ऐन चढाच्या वळणावर. नवरा जाऊन नऊ वर्षं झाली होती, मुलगी तोरिनोला नोकरीला. आठवड्याचे सहा दिवस कोंबड्या, भाजीचे वाफे, पाववाल्याची गाडी आणि शेजारची आर्जिया यांत कसेबसे निघून जात. रविवारची दुपार मात्र जाता जात नसे. एक वाजता जेवण आटपलं की संध्याकाळपर्यंत तिच्या घरात बोलत असे तो फक्त फ्रीज.

शेवटी तिने स्वयंपाकघरातली एक खुर्ची उचलली आणि रस्त्यापर्यंत नेऊन ठेवली.

“बसा. कंबर धरून उन्हात किती वेळ उभे राहाल?”

“कंबर नाही, खुबा,” तो म्हणाला. “आणि खुबा नवाकोरा आहे, बाई. म्हातारी झालीय ती ही.” त्याने काठीने स्कूटर दाखवली.

पण बसला. खालच्या मेकॅनिकने, ग्वेर्रिनोने, त्याला सांगितलं होतं की गाडी वर्षभर उभी होती, चढावर इंजिन तापतंय, बंद पडली तर अर्धा तास निवू द्या. तेव्हा अर्धा तास. तो घड्याळ लावून बसला, तीस मिनिटं पुरी झाल्यावर उठला, दोन किका मारल्या, आणि गाडी लागलीच सुरू झाली. निघण्याआधी त्याने खुर्ची उचलून फाटकाच्या आत ठेवली, पाय पायरीला समांतर येतील अशी. असल्या गोष्टी निवेसच्या नजरेतून सुटत नसत.

पुढच्या रविवारी गाडी पुन्हा तिथेच बंद पडली. पावलांनी मोजलं असतं तर दोन-तीन पावलांचा फरक निघाला असता. तिसऱ्या रविवारी निवेसने खुर्ची आधीच बाहेर आणून ठेवली होती आणि कॉफीची किटली चुलीवर होती. तोही आता घरून दोनऐवजी दीडलाच निघू लागला होता. बंद पडण्याचा अर्धा तास त्याने प्रवासातच धरून टाकला होता, जसा कुणी आगगाडी बदलण्याचा वेळ धरतो.

असा त्याचा सगळा जन्म निवेसला अर्ध्या-अर्ध्या तासाने कळत गेला.

सात भावंडांतला तो सातवा, म्हणून नाव सेत्तिमियो. तिघं वारली होती, दोघं बेल्जियमच्या खाणींत गेली ती तिथलीच झाली, एक बहीण समुद्राकाठी कुठेशी होती आणि नाताळला फोन करत असे. कागदाच्या गिरणीत त्याने अडतीस वर्षं काढली. लग्न केलं नाही. का, ते त्याने सांगितलं नाही आणि तिनेही विचारलं नाही. शहरातल्या जुन्या चार मजली इमारतीत तळमजल्यावर त्याची एक खोली होती आणि जिन्याखालच्या बोळात स्कूटर ठेवायची परवानगी.

दर रविवारी अडीच वाजता पोज्जोच्या क्लबात पत्त्यांचा डाव बसे. चार माणसं, दोन जोड्या. सेत्तिमियोचा जोडीदार ओरेस्ते, गवंडी. सव्वीस वर्षं ते समोरासमोर बसत आले होते. त्या खेळात जोडीदाराला बोलून काही सांगायचं नसतं, खुणा करायच्या. एक्का असला तर ओठ दाबायचे, राजा असला तर डोळे वर, त्या पत्त्यांत राणीच्या जागी असणारा घोडा असला तर खांदा किंचित उडवायचा, आणि हे सगळं समोरच्या दोघांची नजर चुकवून.

“ओरेस्तेशी मी सव्वीस वर्षांत शंभर वाक्यंसुद्धा बोललो नसेन,” सेत्तिमियो म्हणाला. “पण माझा चेहरा पूर्ण वाचता येणारा तो एकटाच.”

मग खुब्याचं ऑपरेशन झालं आणि वर्षभर सगळं थांबलं. रविवारी पोज्जोला बस नव्हती. ओरेस्तेला शहरात यायचं तर गाडी नव्हती. पहिला दीड महिना एक नर्स येत होती, नंतर कुणी येईना. सेत्तिमियोने बोळाकडचं दार उघडं टाकून स्कूटरसमोर एक ठेंगणं स्टूल मांडलं, आणि आई फर्निचरला लावायची ते मेणाचं पॉलिश घेऊन तो रोज गाडी पुसायला बसू लागला. सोमवारी पुढचं मडगार्ड, मंगळवारी डावा पत्रा, बुधवारी उजवा, अशी पाळी. शनिवारी सीट उचलून टाकीचं झाकण आणि बिजागऱ्या, जे कुणाला दिसतही नाही.

“एवढं?” निवेसने विचारलं.

“जिन्यावरून जाणारे थांबायचे ना. म्हणायचे, काय चमकतेय हो.” त्याने कॉफीचा घोट घेतला. “दिवसाचं एक वाक्य व्हायचं.”

वर्षाने तो काठीवर उभा राहिला तेव्हा आधी ग्वेर्रिनोकडे गेला. ग्वेर्रिनोने आंबलेलं पेट्रोल उपसून टाकलं, कार्बोरेटर खोलून धुतला, प्लग बदलला, टाकीच्या झाकणाचं वाळलेलं रबरसुद्धा काढून नवं बसवलं. चौकात कारंज्याभोवती दोन फेऱ्या मारल्या. गाडी पाण्यासारखी चालली. आणि पहिल्याच रविवारी ती निवेसच्या वळणावर येऊन बसली. नंतर ती दोनदा पुन्हा ग्वेर्रिनोकडे गेली. दोन्ही वेळा तेच, कारंज्याभोवती फेऱ्या, आणि काही दोष नाही. गाडीला दोष नाही म्हणताना ग्वेर्रिनो तिच्या मालकाच्या काठीकडे पाहायचा, असं सेत्तिमियोला वाटायचं.

निवेसला गाड्यांतलं ओ की ठो कळत नव्हतं. तिला कळत होत्या त्या बरण्या. या डोंगरातल्या सगळ्या बायकांसारखी तीही ऑगस्टमध्ये टोमॅटोचा रस करी, उकळत असतानाच काचेच्या बरण्यांत भरी आणि झाकणं घट्ट आवळून ठेवी. रस निवला की आतली हवा आक्रसते आणि झाकण आत ओढलं जातं. हिवाळ्यात ते उघडताना बाहेरची हवा आत घुसते आणि एक आवाज येतो. तो आवाज आला तर बरणी चांगली. आला नाही तर रस कोंबड्यांना. पन्नास हिवाळे तिने हा आवाज ऐकला होता.

सप्टेंबरच्या मध्यावर एका रविवारी ती कॉफीचा कप घेऊन बाहेर आली तेव्हा गाडी नुकतीच बंद पडली होती, आणि सेत्तिमियो नेहमीच्या सवयीने सीट उचलून पेट्रोल किती आहे ते बघायला झाकण उघडत होता. त्याने झाकणाची पट्टी सोडली आणि फस्स झालं.

निवेस कप हातात धरून जागच्या जागी उभी राहिली.

“काय झालं?” त्याने विचारलं.

“काही नाही. कप गरम आहे.”

त्या दिवशी तिची खात्री नव्हती. ती पटली सप्टेंबरच्या शेवटच्या रविवारी. सेत्तिमियो दर वेळी निघताना टाकी काठोकाठ भरत असे. गिरणीतली शिस्त, अर्ध्यावर काही ठेवायचं नाही. त्या रविवारी शहरातला पंप बंद होता, म्हणून अर्ध्या टाकीवरच निघाला. निवेस खुर्ची मांडून बसली होती. स्कूटर वळणावर आली, आणि न थांबता तिच्यासमोरून वर निघून गेली. त्याने मान वळवून पाहिलं, पण चढावर गाडी चालू असताना कोण थांबवतो?

निवेस रिकाम्या खुर्चीकडे पाहत राहिली. किटलीतली कॉफी वर आल्याचा आवाज घरातून येत होता आणि तिला उठवत नव्हतं. आपल्याला एवढं वाईट वाटावं याचंच तिला आश्चर्य वाटलं.

पाऊण किलोमीटरवर, कपेलाजवळ, म्हणजे रस्त्याकडेच्या छोट्या प्रार्थनाघराजवळ, इंजिनाचा आवाज बंद झाला. आणि वीस मिनिटांनी तो काठी टेकत टेकत उतरून आला. पाऊण किलोमीटर, नव्या खुब्यावर, उतारावर.

“इथे खुर्ची असते,” तो म्हणाला. जणू अर्ध्या डोंगरात दुसरीकडे बसायला दगडही नव्हता.

त्या रात्री निवेसने स्वयंपाकघरात बसून सगळं जुळवलं. टाकीतून पेट्रोल खाली उतरतं, तर त्याच्या जागी वरून हवा यायला हवी. त्याशिवाय ते उतरणार कसं? झाकणाला हवेसाठी भोक असणारच. काठोकाठ भरलेल्या बरणीत वर हवा थोडी, म्हणून ओढ लवकर बसते. अर्ध्या बरणीत हवा जास्त, म्हणून उशिरा. गाडी भरलेली असताना चार किलोमीटरवर बंद पडली आणि अर्धी असताना पावणेपाचवर. पत्ता लागला होता. वर्षभर दर शनिवारी त्या माणसाने झाकणाला मेण घासलं होतं, आणि भोक बुजलं होतं. जुन्या वाळक्या रबरातून तरी थोडी हवा शिरली असती, ते ग्वेर्रिनोने प्रामाणिकपणे बदलून टाकलं. येताना सगळा उतार, तिथे पेट्रोल लागतच नाही, म्हणून परतीला गाडी कधी अडत नसे.

एका टाचणीचं काम होतं. ती झोपायला गेली तेव्हा तिने ठरवलं होतं की पुढच्या रविवारी सांगायचं.

पुढच्या रविवारी तिने सांगितलं नाही.

कॉफीबरोबर तिने अंड्याचा केक केला होता. सेत्तिमियोने दोन तुकडे खाल्ले आणि गिरणीतल्या एका मुकादमाची गोष्ट सांगितली, जो बायकोशी भांडण झालं की कागदाच्या गठ्ठ्यांवर झोपायचा. निवेस हसली. असं पोटातून हसून तिला किती दिवस झाले होते कोण जाणे. आता सांगू, मग सांगू, करता करता तीस मिनिटं झाली. त्याने उठून खुर्ची आत ठेवली आणि तो गेला. त्याच्या पुढच्या रविवारीही तसंच. सांगितलं की गाडी थांबणार नाही, आणि गाडी थांबली नाही की माणूस थांबणार नाही, हा हिशेब तिला न मांडताच येत होता.

हे सगळं आर्जियाच्या खिडकीतून दिसत होतं. आर्जिया अंडी न्यायला आली की एकदा तरी विषय काढल्याशिवाय जात नसे.

“अगं निवेस, आमच्या वेळी पोरांच्या सायकली पंक्चर व्हायच्या पोरींच्या दारात. याचं इंजिनच बंद पडतं. केवढी सुधारणा झाली बघ.”

निवेस म्हणाली, त्याच्या कार्बोरेटरमध्ये कचरा आहे.

“हो ना, पोज्जोतही तेच म्हणतात. ओरेस्ते विचारत होता, त्या कचऱ्याचं नाव निवेस आहे का.”

“सहा अंडी झाली, आर्जिया. मोजून घे आणि जा.”

पण आर्जिया गेल्यावर तिचे कान बराच वेळ गरम होते, आणि ते केवळ रागाने नव्हते.

ऑक्टोबर गेला. दऱ्यांत धुकं साचायला लागलं. रस्त्यावर बसायला थंडी वाजे, तेव्हा निवेसने खुर्चीवर नवऱ्याची जुनी घोंगडी टाकायला सुरुवात केली. सेत्तिमियो आता हळूहळू गप्प होत चालला होता. तिला वाटलं, खुबा दुखत असेल.

नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी गाडी बंद पडली तेव्हा त्याने टाकीसुद्धा उघडून पाहिली नाही. खुर्चीवर बसला, काठी दोन गुडघ्यांमध्ये उभी धरली.

“बाई, आजचा शेवटचा,” तो म्हणाला.

मग त्याने सांगितलं. सान मार्तिनोच्या दिवशी, म्हणजे येत्या गुरुवारी, हिवाळी सामन्यांच्या जोड्या क्लबाच्या भिंतीवर लागणार होत्या. एकदा नाव लागलं की आजूबाजूच्या पाच गावांशी खेळायचं, आणि एक जण आला नाही तर जोडीच बाद. धुक्यात, बर्फात, ही गाडी घेऊन? आज अर्ध्या तासाने सुरू होते. उद्या झाली नाही तर हा खुबा तिला ढकलू शकणार आहे का? ग्वेर्रिनो म्हणतो पिस्टन झिजलाय, इंजिनच संपलंय. ओरेस्तेला तोंडघशी पाडण्यापेक्षा आजच सांगून टाकणार, की दुसरा जोडीदार बघ. आणि गाडीला गिऱ्हाईक मिळालं होतं. बोलोन्याचा कुणी जुन्या स्कूटरी जमवणारा. शनिवारी टेंपो घेऊन येणार होता. तो त्या चमकेवर खूश होता; चालते की नाही हे त्याने विचारलंसुद्धा नव्हतं.

“मग रविवारी काय कराल?” निवेसने विचारलं.

“खोली आहे,” सेत्तिमियो म्हणाला.

निवेस त्याच्या हातांकडे पाहत राहिली. पाच आठवडे तिने मनाशी एकच भांडण भांडलं होतं, की सांगितलं तर आपलं जाईल. आता सांगितलं काय, न सांगितलं काय, तिचं जाणारच होतं. प्रश्न उरला होता तो त्याचंही जाऊ द्यायचं का, एवढाच. आणि एकदा प्रश्न असा समोर उभा राहिल्यावर तो मुळी प्रश्नच नव्हता.

ती आत गेली आणि लोकर विणायच्या टोपलीतून एक जाड सुई घेऊन आली.

“झाकण काढा.”

“कसलं?”

“टाकीचं. काढा आणि ऐका.”

त्याने सीट उचलली, पट्टी सोडली. फस्स.

“माझी टोमॅटोची बरणी अशीच बोलते,” निवेस म्हणाली. “आत हवा जात नाहीये, सेत्तिमियो. इंजिनाला काही झालेलं नाही. पेट्रोलच खाली उतरत नाही.”

तिने झाकण हातात घेऊन उजेडाकडे धरलं, नखाने चाचपलं. मधोमध एक खळगी लागली, गुळगुळीत, भरलेली. सुई टोचून तिने हलकेच फिरवली. पिवळ्या मेणाची एक बारीक वळी बाहेर आली, शेवईच्या तुकड्याएवढी. तिने भोकातून फुंकर मारून बघितली, मग झाकण त्याच्या हातात दिलं.

सेत्तिमियो तिच्या तळहातावरच्या त्या मेणाकडे बराच वेळ पाहत होता. शनिवारची पाळी, सीटखालचं झाकण, कुणाला दिसतही नाही ते. सगळं त्याच्या ध्यानात येत असावं. मग त्याने मान वर केली.

“हे तुम्हाला आत्ता सुचलं?”

खोटं बोलायला जागा होती. तोच ती काढून देत होता.

“नाही,” निवेस म्हणाली. “सप्टेंबरातच कळलं होतं.”

पत्ते मोजतो तसे त्याचे ओठ किंचित हलले.

“म्हणजे पाच रविवार.”

“पाच.”

त्याने झाकण बसवलं, सीट दाबून लावली, किक मारली. पहिल्याच किकला गाडी सुरू झाली. निवेस म्हणाली, कपेलापर्यंत जाऊन बघा, तिथवर गेली तर पुढेही जाईल. तो गेला. वळणामागे गाडी दिसेनाशी झाली तरी आवाज येत होता. कपेला आलं असेल, तरी आवाज चालूच होता. मग आणखी वर, चेस्टनटच्या रानातून, बारीक होत होत पोज्जोच्या बाजूला विरून गेला. तो परत आला नाही. त्या दिवशी खुर्ची निवेसनेच आत नेली.

पुढच्या रविवारी स्कूटर दोन वाजून दहा मिनिटांनी वळणावरून गेली. तो परत दोनला निघू लागला होता. जाताना त्याने हँडलवरची दोन बोटं उचलली. त्याच्या पुढच्या रविवारी पाऊस होता आणि बोटं हातमोज्यात होती. आर्जियाने अंडी नेताना सांगितलं की क्लबाच्या भिंतीवर ओरेस्ते आणि सेत्तिमियो यांची नावं लागलीत. टोमणा मारला नाही. तो न मारलेला टोमणा निवेसला जास्त लागला.

डिसेंबरच्या एका मंगळवारी, रविवार नसताना, स्कूटर फाटकाशी येऊन थांबली. बंद पडली नव्हती. त्याने ती किल्ली फिरवून बंद केली. त्याच्या हातात कागदाची पुडी होती, भाजलेल्या चेस्टनटची, अजून कोमट. निवेस एप्रनला हात पुसत फाटकापर्यंत आली.

“ओरेस्तेने पाठवलेत?”

“ओरेस्ते कशाला पाठवेल? मी आणलेत.” त्याने घसा खाकरला. “एक सांगायचं राहिलं होतं. त्या दिवशी रागाने निघून गेलो. मग वाटेत विचार केला, की राग कसला? गाडी अर्धा तास थांबवायची गरज नव्हती. झाकण उघडून लावलं की पाच मिनिटांत सुरू व्हायची. का, ते कळत नव्हतं, पण एवढं दुसऱ्याच रविवारी माझ्या लक्षात आलं होतं.”

निवेसने पुडी दोन्ही हातांत धरली होती.

“कॉफी चांगली असायची,” सेत्तिमियो म्हणाला.

“केक दोनदा करपला होता.”

“दोनदाच.”

दोघं उभी राहिली. थंडी होती, धुकं तुतीच्या उघड्या फांद्यांपर्यंत उतरलेलं. उन्हाळ्यात रस्त्याकडेला खुर्ची टाकायला कुणाची परवानगी लागली नव्हती. गाडी बंद पडली होती, माणूस लंगडा होता, एवढं कारण पुरेसं होतं. डिसेंबरमध्ये बसायचं म्हणजे आत, स्वयंपाकघरात, टेबलाशी. तिथे नऊ वर्षांत मुलगी आणि आर्जिया सोडून कुणी बसलं नव्हतं. आत या म्हणायला एक शब्द लागतो. निवेसच्या ओठापर्यंत तो आला होता. तो पायरीकडे पाहत होता आणि ती पायरीवरच्या कोंबडीकडे. दोघांनाही बिघाडाशिवाय कसं थांबायचं ते माहीत नव्हतं.

“चालते ना नीट?” शेवटी तिने विचारलं.

“चालते. कुठेच थांबत नाही.”

त्याने किक मारली, टोपी खाली ओढली आणि उतारावरून शहराकडे गेला. निवेसने चेस्टनट टेबलावर ओतले आणि एक एक सोलून सगळे खाल्ले. थंड होण्याआधीच खायला हवे असतात.

तो पुन्हा थांबला नाही. तिनेही कधी हात वर करून थांबवलं नाही. यात कुणाचाच अपराध नव्हता. ज्यांना एकटं राहायची सवय जडते त्यांच्याकडून दुसऱ्याचं दार वाजत नाही, आणि आपलं दार उघडलं तरी ते वाऱ्याने उघडलंय असंच त्यांना वाटत राहतं. निवेसच्या मुलीने दोनदा तिला तोरिनोला नेऊन पाहिलं. दोन्ही वेळा ती महिन्याभरात परत आली. कारण विचारलं तर म्हणे, कोंबड्यांकडे कोण बघणार.

सेत्तिमियोला आता शहात्तरावं वर्ष चालू आहे. दुसऱ्या खुब्याचंही ऑपरेशन झालं, ते त्याने उन्हाळ्यात उरकून घेतलं, म्हणजे हिवाळी सामने चुकणार नाहीत. ओरेस्ते गेल्या वसंतात वारला. सेत्तिमियो अजून त्याच तळमजल्यावरच्या खोलीत एकटा राहतो, आणि दर रविवारी अडीच ते सहा पोज्जोच्या क्लबात एका निवृत्त बसचालकाच्या जोडीने खेळतो.